थोरला असं बोलणार नाही

त्या रविवारी सकाळी मी माळवदावर चढलो आणि दुसऱ्याच पावलाला बायकोच्या कुरडयांत पाय घातला.

कुरडया ओल्या होत्या. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून, पहाटे उठून तो शिजवून दोघी जावांनी जुन्या धोतरावर घातलेल्या. टाचेला चीक चिकटला, चिकाला धोतर, आणि हा सगळा संसार फरफटत मी अँटेनापर्यंत पोचलो. खालून बायको ओरडत होती.

"अहो, काय करायलाव वर? इथं पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्यात!"

मी दांडा फिरवला.

"गेलं, सगळंच गेलं! जिंतूरकडं करा थोडं. लय झालं, आता वालूरकडं घ्या. हां, आलं, आलं! आता हालू नका. तसंच धरून उभे ऱ्हावा."

मी तसाच धरून उभा राहिलो. मे महिन्याचं ऊन डोक्यावर, पायाला चीक, हातात तापलेला लोखंडी दांडा. घरातली माणसं आठवडाभर ज्या प्रसंगाची वाट पाहत होती, तो खाली चालू होता. तो त्यांना नीट दिसावा म्हणून घराचा कर्ता पुरुष वर खांब होऊन उभा होता. मला त्याचा अभिमान वाटत होता, हेही सांगून टाकतो. आपल्यावाचून घर चालत नाही हे सिद्ध करण्याची संधी मी सहसा सोडत नसे.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची. सेलूत तेव्हा टीव्ही नवा नव्हता, पण आमच्या घरात नवा होता. लाकडी दारं सरकवून बंद करायचा, काळा-पांढरा. दर रविवारी सकाळी दिल्लीहून एक हिंदी मालिका यायची. एका मोठ्या घराची गोष्ट होती. भाऊ, बहिणी, सुना, एक खोकणारे आजोबा, एक उधळ्या मेहुणा, अशी डझनभर माणसं. पण आमच्या घरात आणि माझ्या कचेरीत वाद व्हायचा तो एकाच माणसावरून. त्या घरातला थोरला भाऊ. त्याला मालिकेत काही तरी नाव होतं, पण आम्ही सगळे त्याला थोरलाच म्हणायचो. धोतर, काळी टोपी, हळू चालणं, त्याहून हळू बोलणं. आवाज कधी चढवायचा नाही. सगळ्यांना कपडे झाल्यावर उरलं तर स्वतःला घ्यायचा. कुणी काही मागितलं की क्षणभर खिडकीतून बाहेर बघायचा आणि म्हणायचा, "देखेंगे."

मला हा माणूस फार आवडायचा. का आवडायचा हे बायकोनं पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. मीही माझ्या घरात थोरला, मीही हळू बोलणारा, आणि मला कुणी काही विचारलं की माझ्याही तोंडून पहिला शब्द "बघू" असाच निघायचा. फरक एवढाच की त्याच्या "देखेंगे"नंतर मागं सतार वाजायची. माझ्या "बघू"नंतर स्वयंपाकघरात भांडं आपटायचं.

घरात आम्ही पाचजण मोठे. आई, मी, बायको, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. शिवाय दोन्हीकडची मुलं, ती अंगणात. भाऊ एका बियाण्यांच्या दुकानात कामाला होता. माणूस इतका गरीब की त्याला तहान लागली तरी तो "दादा, तुला पाणी पाहिजे का?" असं विचारायचा. त्याच्या बायकोला आम्ही धाकटी म्हणायचो. तिचं लग्नाआधी डी.एड. झालेलं होतं. आमच्या घरात येऊन तिला सहा-सात वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात ती माझ्याशी एकही वाक्य बोलली नव्हती.

यात भांडण काही नव्हतं. आमच्याकडं रीतच तशी. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर बसायचं नाही, सरळ बोलायचं नाही. मी बैठकीत आलो की ती पदर सारखा करून स्वयंपाकघरात जायची. काही सांगायचं असेल तर माझ्या बायकोला सांगायची, बायको मला सांगायची. मीही तसाच. ती उंबऱ्याच्या पलीकडं दोन हातांवर उभी असली तरी मी बायकोला म्हणायचो, "तिला म्हणावं, मुलाला ताप आहे, डॉक्टरकडं नेऊन आण." तिला ते ऐकू गेलेलं असायचं, तरी बायकोनं पुन्हा सांगेपर्यंत ती हलायची नाही.

टीव्ही आला आणि या रितीला एक फट पडली. टीव्ही बैठकीत. धाकटी उंबऱ्याच्या आत, माझ्याकडं पाठ येईल अशी, मान वळवून बघत बसायची. सुरुवातीला गप्प असायची. मग एका रविवारी तिच्यानं राहवलं नाही.

"ताई," ती माझ्या बायकोला म्हणाली, "तो थोरला सगळ्यांना विचारतो, जेवलात का. पण सोता जेवून उठल्यावर विचारतो. मग समोरचा न्हाई म्हणून करील काय?"

मी छताकडं बघत म्हणालो, "विचारतो तरी. कितीतरी घरांत तेवढंही कुणी विचारत नाही, म्हणावं."

"विचारतो तरी, म्हणायलेत," बायको म्हणाली.

"विचारतो हो. पण उत्तर ऐकायला थांबत न्हाई."

"थांबत न्हाई, म्हणायलीय."

"ऐकलं मी."

"ऐकलं म्हणायलेत."

"कोण थांबत न्हाई?" आई मध्येच जागी झाली. "तो टोपीवाला व्हय? त्याला दुकानाला उशीर व्हायला असंल." आईला बाजारातली हिंदी समजायची, दिल्लीची समजत नसे. त्यामुळं ती दर रविवारी त्याच चेहऱ्यांवर स्वतःची वेगळी गोष्ट बेतायची. तिच्या गोष्टीत त्या टोपीवाल्याचं किराणा दुकान होतं आणि खोकणाऱ्या आजोबांना सून औषध देत नव्हती.

त्या दिवसापासून दर रविवारी आमचा वाद रंगायचा. धाकटी हुशार होती. थोरल्यानं तीन भागांपूर्वी काय म्हटलं होतं आणि आज त्याच्या उलट काय केलं, हे ती शाळेतल्या बाईंसारखं मांडायची. मी छताला उत्तरं द्यायचो. बायको दोन्हीकडचं पोचवायची, आणि पोचवता पोचवता हसायची. "तुमचं दोघांचं सरळ कोर्टातच लावून देते," ती म्हणायची. ते रविवार फार चांगले होते. इतकी वर्षं एका घरात राहून या बाईच्या डोक्यात काय चालतं, ते मला त्या टोपीवाल्यामुळं कळायला लागलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

कचेरीतही तोच विषय. दुपारी आम्ही चार-पाच कारकून एका टेबलावर डबे उघडायचो. जेवताना काहीतरी बोलावं लागतं. त्या काळात आमच्याकडं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा विषय कुणी काढायचा नाही, असं न ठरवता ठरलेलं होतं. विद्यापीठाचं नाव नुसतं निघालं तरी एकाचा घास थांबायचा, दुसऱ्याला साहेबांचं काम आठवायचं. म्हणून आम्ही टीव्हीवर बोलायचो. माझ्या शेजारच्या टेबलावरचे एक कारकून थोरल्याच्या विरुद्ध होते. त्यांच्या गावात अठ्ठ्याहत्तर साली त्यांच्या वस्तीतली घरं जाळली होती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत नसल्यासारखे आम्ही दहा वर्षं त्यांच्या मांडीला मांडी लावून डबा खात होतो.

एकदा मी थोरल्याची फारच तारीफ केली. म्हटलं, "राव, आजच्या जगात असा माणूस दाखवा. कुणाचं वाईट केलं नाही त्यानं."

"वाईट कोण म्हणतंय?" ते म्हणाले. "आमच्या गावातबी तवा समदी चांगलीच माणसं व्हती. दारं लावून घरात बसली व्हती बिचारी." आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

त्या दुपारी थोरल्याची बाजू आणखी कुणी घेतली नाही. मी मनात म्हटलं, हे कुठलं कुठं नेतात. मालिका वेगळी आणि ते वेगळं.

एप्रिलमध्ये धाकटीला नेमणुकीचा हुकूम आला. जिंतूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेवर शिक्षिका. तिनं अर्ज कधी केला होता हे भावाला माहीत होतं, पण तो बोलला नव्हता. जून महिन्यात शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाणार. सकाळच्या गाडीनं निघायचं, देवगाव फाट्यावर गाडी बदलायची, संध्याकाळी परत. अवघड होतं, पण होण्यासारखं होतं. फाट्यावरून अशा नोकऱ्या करणाऱ्या बायका तेव्हा दिसायला लागल्या होत्या.

आता आमच्या घरात असा हुकूम कसा फिरतो ते सांगतो. धाकटीनं नवऱ्याला विचारलं, जाऊ का. भाऊ म्हणाला, आईला विचारतो. आई म्हणाली, थोरला काय म्हणतो बघू. आणि मग एका संध्याकाळी, मी पायताण काढत असताना, आई मला म्हणाली, "तिचं ते कागद आलंय म्हणं."

मी म्हणालो, "बघू."

मी नाही म्हणालो नव्हतो. माझ्या मनातही नाही नव्हतं. शिकलेली बाई आहे, जाऊ दे, असंच माझं मत होतं. पण मला असं वाटत होतं की एवढी मोठी गोष्ट, तर कुणीतरी माझ्यापुढं बसून रीतसर विचारावं. भावानं तरी यावं आणि म्हणावं, दादा, तुझं काय म्हणणं आहे. मग मी थोडा विचार केल्यासारखं करीन, खिडकीतून बाहेर बघीन आणि हो म्हणीन. भाऊ आला नाही. तो "बघू" ऐकूनच परत फिरला होता. त्याला वाटलं दादाच्या मनात नाही. मला वाटलं त्यांनाच घाई नाही. असे पाच आठवडे गेले.

नेमक्या त्याच दिवसांत मालिकेतल्या मधल्या बहिणीला दुसऱ्या गावी नर्सिंग शिकायला जायचं होतं. ती जेवणाच्या वेळी थोरल्याला विचारणार, इथं आदल्या रविवारचा भाग संपला होता. आठवडाभर आमच्या घरात त्याचीच चर्चा. तो हो म्हणेल का? बायको म्हणाली, म्हणणार न्हाई. भाऊ म्हणाला, काय सांगता येत न्हाई. धाकटी काही म्हणाली नाही. आणि बरोबर त्या भागाच्या वेळी वारा सुटला, अँटेना फिरला, पडद्यावर मुंग्या आल्या आणि मी वर गेलो.

खाली आलो तेव्हा मालिका संपून बातम्या लागल्या होत्या. भाऊ मुलांना हाकलायला अंगणात गेला होता. बायकोनं माझा पाय बघितला आणि जिन्याकडं धावली. बैठकीत आई, आणि उंबऱ्याच्या आत धाकटी.

"काय झालं?" मी छताला विचारलं. "विचारलं का तिनं?"

"काय व्हायचं," आई म्हणाली. "जेवले सगळे."

मग धाकटी बोलली. बायको वर असल्यामुळं ती सासूला सांगू लागली.

"आत्याबाई, बघितलं न्हवं? तिनं विचारलं तसं थोरल्यानं ताट बाजूला सारलं. हात धुतला. बहिणीकडं तोंड केलं अन् म्हणला, मला कुणाच्या हातून निरोप नको. तुज्या तोंडानं सांग, तुला जायचंय का? ती म्हणली, जायचंय. तो म्हणला, मग जा. घरचं आमी बघून घेऊ. पहिल्या दिवशी गाडीवर सोडायला मी सोता येतो."

आईनं मान हलवली. आई नेहमीच मान हलवायची. जो प्रसंग आईनं आत्ता डोळ्यांनी पाहिला तो तिलाच हिनं इतका बारीकसारीक का सांगावा, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. मी सहा महिने वाद घालून आता मोठा जाणकार झालो होतो. माझ्या डोक्यात दुसराच मुद्दा आला.

"छे, छे," मी म्हणालो. "हे काही पटत नाही. थोरला असं बोलणार नाही. लिहिणाऱ्यानं घाई केलीय. इतके दिवस एक माणूस उभा केला, धीराचा, कमी बोलणारा, आणि आज एकदम ताट सारून भाषण? असा माणूस असं तोंडावर बोलत नसतो. बोलला तर मग तो थोरला कसला?"

तेवढ्यात बायको माळवदावरून उतरली. पदरात मोडक्या कुरडया होत्या. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली.

"मग त्यानं काय म्हणायला पायजे व्हतं?" धाकटीनं विचारलं. हे कुणाला विचारलं ते मला नीट आठवत नाही. आई समोर होती, बायको आली होती, पण तिनं कुणालाही हाक मारली नव्हती.

"काहीच नाही," मी रंगात येऊन म्हणालो. "गप्प बसायला पाहिजे होतं. गप्प बसण्यातच त्याचं वजन आहे."

धाकटीनं माझ्या बायकोकडं बघितलं. बायकोनं पदरातल्या कुरडयांकडं बघितलं. मग धाकटी उठली आणि आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायला लागला. मी पाय धुवायला न्हाणीत गेलो. डोक्यात आणखी दोन मुद्दे होते, ते सांगायचे राहून गेले म्हणून मला थोडी रुखरुख लागली.

सोमवारी डबे उघडल्यावर मी तेच मुद्दे टेबलावर मांडले. म्हटलं, थोरल्याला कालच्या भागात बोलायला लावलं हे बरोबर नाही झालं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"कुठं बोलला?" शेजारचे कारकून म्हणाले. "त्यानं फक्त पाण्याचा तांब्या मागितला. बहीण उठून गेली, अन् भाग संपला."

"नाही हो. ताट सारलं, हात धुतला, जा म्हणाला तिला. गाडीवर सोडायला येतो म्हणाला."

"राव, तुमच्या घरी येगळी मालिका दिसायलीय का काय?"

सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता मला माळवद आठवलं. मी तर काही पाहिलंच नव्हतं. आणि मग एकामागून एक सगळं आठवायला लागलं. मला कुणाच्या हातून निरोप नको. तुज्या तोंडानं सांग. घरचं आमी बघून घेऊ. हिंदी मालिकेतली वाक्यं कुठं, ही तर आमच्या स्वयंपाकघरातली होती. सहा-सात वर्षांत जे तिला बोलता आलं नव्हतं ते तिनं त्या टोपीवाल्याच्या तोंडी घालून माझ्यापुढं ठेवलं होतं. मी काय बोलावं तेसुद्धा तिनंच लिहून दिलं होतं. मला फक्त "बरोबर बोलला" एवढंच म्हणायचं होतं. आणि मी म्हणालो, थोरला असं बोलणार नाही.

डब्यातली भाकरी मी झाकून ठेवली. शेजारच्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं काल.

संध्याकाळी घरी जाताना मी रस्ताभर वाक्य घोकत होतो. लांबलचक नाही, एवढंच: तू जा, घरचं बघू आम्ही. "बघू" काढून टाकलं. तू जा, आम्ही आहोत. माणूस चाळिशीकडं आला आणि दोन शब्द बोलायची तालीम करत चाललाय, याचं मला हसूही येत होतं. दारात आलो. धाकटी बैठकीत तांदूळ निवडत बसली होती. मला बघताच तिनं सूप उचललं, पदर पुढं घेतला आणि आत गेली. मी उंबऱ्यापर्यंत गेलो. ती पाठ करून उभी राहिली, मी काय सांगतो त्याची वाट बघत. तिथं दुसरं कुणी नव्हतं. निरोप न्यायला मध्ये कुणीच नव्हतं. मी तोंड उघडलं.

"पाणी," मी म्हणालो.

तिनं तांब्या भरला आणि उंबऱ्यावर ठेवला.

रितीला दोष देणं सोपं आहे. पण त्या क्षणी मला रीतच आठवली असं नाही. मला एवढंच वाटलं की हे आता कसं बोलायचं, काल आपण एवढं तावातावानं सांगितलं, आज उलट बोललो तर ती काय म्हणेल. माझं म्हणजे त्या थोरल्यासारखं झालं होतं. स्वतःच्या वजनाखालून बाहेर येता येईना.

जेवणं झाल्यावर मी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "तिला म्हणावं, खुशाल जा शाळेवर. माझं हो आहे."

बायको अंथरुणं घालत होती. "सांगते," ती म्हणाली.

मला हायसं वाटलं. माझ्याकडून झालं, असं वाटलं. मग मी वाट बघत राहिलो. जून लागला. धाकटी काही आवराआवर करताना दिसली नाही. भाऊ काही बोलला नाही. शाळा उघडायचा दिवस आला. त्या सकाळी मी लवकर उठून बसलो होतो. स्टँडवर सोडायला जावं लागलं तर तयारी असावी, म्हणून दाढीसुद्धा केली होती. धाकटी उठली, सडा टाकला, चहा झाला, भाकरी सुरू झाल्या. सकाळची जिंतूरकडची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडावरून जायची. ती वाजवत गेली. आतून भाकरी थापल्याचा आवाज थांबला नाही.

मी काय समजूत करून घेतली? मी हो म्हटलं तरी ती गेली नाही, म्हणजे तिलाच जायचं नसेल. मुलं लहान आहेत, फाट्यावर गाडी बदलायची दगदग आहे. मला थोडा रागही आला. आपण एवढं मन मोठं केलं आणि हिनं साधं हूं का चूं केलं नाही. आणि त्या रागाच्या खाली, अगदी तळाशी, बरंही वाटलं. कचेरीतून आलो की गरम भाकरी मिळायची, आईचं औषधपाणी वेळेवर व्हायचं. थोरल्याच्या मालिकेत कधी दाखवला नाही असा हा थोरला होता.

पुढच्या रविवारी धाकटी उंबऱ्याशी आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारी धुणं होतं. नंतर कारणं सांगायचीही गरज राहिली नाही. मालिका अजून बरीच चालली. थोरला म्हातारा झाला, उधळ्या मेहुणा सुधारला, आजोबा गेले, आई त्यांच्यासाठी खरंखुरं रडली. मी छताकडं बघून दोन-चार वेळा काही बोलून बघितलं. आतून उत्तर आलं नाही. बायकोनंही पोचवलं नाही. आपल्यालाच ऐकू येणारा वाद किती कंटाळवाणा असतो ते मला तेव्हा कळलं.

आई गेली आणि घर वेगळं करायचं ठरलं. भाऊ पहिल्यांदाच माझ्यापुढं बसून सरळ बोलला, आणि बोलला ते हेच. परभणीला त्याला एका कृषी केंद्रात जागा मिळाली होती, तिथं खोल्या बघितल्या होत्या. धाकटी तिथं मुलांच्या शिकवण्या घेणार होती. शाळेवर लागायचं तिचं वय निघून गेलं होतं. चौऱ्याण्णवचा जानेवारी. विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या आठवड्यात गाड्या बंद होत्या, म्हणून त्यांचं जाणंही चार दिवस लांबलं. ते चार दिवस सामान बांधून ठेवलेल्या घरात आम्ही सगळे एकमेकांना अडखळत राहिलो. कचेरीत शेजारच्या कारकुनांनी पेढे आणले होते. आम्ही सगळ्यांनी घेतले, आणि कशाचे म्हणून कुणी विचारलं नाही.

टेम्पो आला. मुलं वर चढली. भाऊ पाया पडला, रडला. धाकटी शेवटी बाहेर आली, पाया पडली, आणि उभी राहून पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून बोलली. तिचा आवाज मला ओळखीचा होता, तोंड ओळखीचं नव्हतं.

"पिंपातलं पाणी आज सकाळीच भरलंय," ती म्हणाली. "उद्या नळ न्हाई."

एवढंच. टेम्पो गेला.

संध्याकाळी घरात आम्ही दोघं आणि आमची मुलं. बायको चुलीपुढं बसली होती. परात पुढं ओढून एकटीच पीठ मळत होती. मी नेहमी बसायचो तिथं, उंबऱ्याच्या अलीकडं बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "तेव्हा ती जिंतूरला शाळेवर गेली असती तर आज कुठल्या कुठं असती. मी तर हो म्हणालो होतो."

बायकोचा हात थांबला नाही.

"मी तिला सांगितलंच न्हवतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमी हो म्हणले ते. सांगितलं असतं तर ती तवाच निघून गेली असती फाट्यावर. आत्याबाईंचं, दोन्हीकडच्या लेकरांचं, भाकरीचं, सगळं एकटीच्या गळ्यात पडलं असतं. तेवढी चार-सहा वरसं मिळाली मला. अन् त्या रविवारी जिन्यातून ऐकूनच मला सगळं कळलं व्हतं. मालिकेत तसं काई झालंच न्हवतं, ते मी बघितलं व्हतं ना. ती माज्याकडं बघायली व्हती, मी काईतरी बोलावं म्हणून." तिनं पिठाचा गोळा परातीत आपटला. "पण तुमाला तरी काय झालं व्हतं? ती उंबऱ्याच्या पलीकडं, तुमी अलीकडं. दोघांनाबी तोंडं व्हती. मधी मला कशाला उभं केलं?"